काढा, पुरावा आणि भावाभावांतला अबोला

वैद्यबाईंचं टपाल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं साथीच्या काळात औषधांवरून झालेल्या भांडणांची आहेत. साथ ओसरून वर्षं झाली, तरी अशी पत्रं येतच राहतात. म्हणून आजचं सगळं पान त्यांना देते. नावं लिहिणाऱ्यांच्याच विनंतीवरून काढली आहेत.

प्रश्न : वैद्यबाई, सप्रेम नमस्कार. आम्ही लालबागचे, वडील गिरणीत होते. २०२०च्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी काढ्याचा मेसेज टाकला. धाकटा भाऊ एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. त्याने लिहिलं, ‘याने कोरोना थांबत नाही, लोकांना फसवू नका.’ मी चिडून लिहिलं, ‘तुला आपल्या पूर्वजांची लाज वाटते.’ त्याने मला अंधभक्त म्हटलं, मी त्याला औषध कंपन्यांचा दलाल म्हटलं. सगळे नातेवाईक वाचत होते. २०२१च्या एप्रिलमध्ये आईला ताप आला. दोन दिवस आम्ही काढा आणि वाफ देत राहिलो, भावाला कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा त्यालाच फोन करावा लागला. खाट त्यानेच मिळवली. आई नऊ दिवस ऑक्सिजनवर होती, वाचली. भाऊ आईला भेटायला येतो, माझ्याशी मात्र बोलत नाही. नक्की चूक कोणाची होती? आणि औषधाच्या गोष्टीत देश, धर्म, पक्ष कुठून आले?

उत्तर : ‘भावाला कळवलं नाही’ असं तुम्ही लिहिलं आहे. चूक तिथे झाली. काढा पाजण्यात मोठं पाप नव्हतं. पण तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा की नाही हे ठरवताना तुमच्या डोक्यात आईपेक्षा ग्रुपवरचं भांडण जास्त होतं. भावाला बोलावलं तर आपण हरलो, असं वाटलं असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण त्या एप्रिलमध्ये अशी पाच-सहा घरं मी पाहिली. एका मुलाने वडिलांचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी असताना मला फोन करून विचारलं, ‘बाई, काढ्याचं प्रमाण वाढवू का?’ मी म्हटलं, आधी गाडी बोलव. त्यावर तो रडवेल्या आवाजात म्हणाला, ‘सोसायटीत सगळ्यांना सांगून बसलोय की आम्हाला हॉस्पिटलची गरज नाही.’ तो मुलगा वाईट नव्हता. बोललेल्या शब्दात अडकला होता.

आता तुमचा काढा. तो तुमचा नव्हताच. ३१ मार्च २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीचं काम पाहणाऱ्या खात्याने, घरगुती काळजीची एक सूचना काढली. गरम पाणी प्या, स्वयंपाकात हळद-जिरं-धणे-लसूण वापरा, सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश घ्या, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या, असं तीत होतं. यात वावगं काही नाही, आपल्या आया हेच करत आल्या. पण त्याच कागदाच्या तळाशी मंत्रालयाने स्वतः लिहिलं होतं की, ही सूचना म्हणजे कोविडवरचा उपचार असल्याचा दावा नाही. दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, आयुष औषधांनी कोविड बरा होतो अशा जाहिराती आणि दावे रोखा, असा आदेशही राज्यांना गेला. तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये ती तळाची ओळ होती का? माझ्याकडे तो मेसेज निदान तीस वेळा आला. एकातही नव्हती. ‘एक-दोनदा’चं कुठे ‘चार वेळा’ झालं होतं, कुठे ‘दर दोन तासांनी’. जूनपर्यंत माझ्या दवाखान्यात तोंड आलेली, छातीत जळजळणारी, मूळव्याधीतून रक्त जाणारी माणसं रांगेत होती. सुंठ आणि मिरी उष्ण आहेत हे आजीला माहीत होतं, फॉरवर्ड करणाऱ्याला नव्हतं.

पक्ष कुठून आले म्हणता, तर तेही आपल्या डोळ्यांसमोर आले. जानेवारी २०२०च्या अखेरीस आर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या प्रतिबंधासाठी सुचवल्या गेल्या. ‘३०’ म्हणजे शंभरपटीने तीस वेळा पातळ केलेलं. इतकं पातळ केल्यावर मूळ द्रव्याचा एक कणही उरत नाही. तरी मुंबईच्या वस्त्यांमध्ये त्या बाटल्या पोहोचल्या. माझ्या गल्लीत तर त्या वेगवेगळ्या झेंड्यांच्या कार्यकर्त्यांनी वाटल्या, काही पाकिटांवर नेत्यांचे फोटो होते. वाटणाऱ्या पोरांना खरोखर लोकांसाठी काहीतरी करायचं होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण गोळीवर फोटो आला की गोळीबद्दल शंका काढणं म्हणजे फोटोतल्या माणसाबद्दल शंका काढणं होतं. मग गोळी चालते का, हे कोणी विचारायचं?

२३ जून २०२०ला पतंजलीने हरिद्वारमध्ये कोरोनावरचं म्हणून कोरोनिल हे औषध आणलं, तेव्हा त्याच दिवशी आयुष मंत्रालयाने कागदपत्रं मागवली आणि तपासणी होईपर्यंत जाहिरात थांबवायला सांगितली. म्हणजे आयुर्वेदाचं काम पाहणारं मंत्रालयच ‘थांबा’ म्हणत होतं. ग्रुपवर मात्र ‘थांबा’ म्हणणारा प्रत्येक जण आयुर्वेदाचा शत्रू ठरला. फेब्रुवारी २०२१मध्ये तेच औषध दिल्लीत केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या उपस्थितीत पुन्हा जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं की, आपण कोविडवरच्या कुठल्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता तपासलेली किंवा प्रमाणित केलेली नाही. आपल्या राज्याच्या गृहमंत्र्यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय विक्री होऊ देणार नाही असं जाहीर केलं. केंद्रात एका पक्षाचं सरकार, राज्यात दुसऱ्यांचं. मग काय, त्या डबीबद्दल काय वाटतं यावरून माणूस कोणाला मत देतो ते लोक ठरवू लागले. कोरोनावरचं औषध असल्याचे दावे काढून टाका, असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं ते जुलै २०२४मध्ये. तोवर चार वर्षं गेली, तुमच्यासारखी कितीतरी घरं दुभंगली.

माझ्यावरही ही वेळ आली. आमचा वैद्यांचा एक मोठा ग्रुप होता. त्यात मी एवढंच विचारलं, की ज्या रुग्णांना आपण औषध दिलं त्यांच्याबरोबर ते न दिलेले रुग्ण कोणी मोजले का? सौम्य कोविडमधून बहुतेक माणसं काही न घेताही बरी होत होती. आपण शंभर जणांना औषध दिलं आणि नव्वदच्या वर बरे झाले, तर त्यात औषधाचा वाटा किती हे न देताच बरे झालेल्यांशी ताडल्याशिवाय कळणार कसं? मला उत्तर मिळालं, ‘बाईंना विकत घेतलंय.’ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान वैद्याने लिहिलं होतं ते. त्याच आठवड्यात एका नर्सिंग होममध्ये माझ्या रुग्णाची माहिती द्यायला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी कागद न वाचताच, ‘काढेवाल्या आल्या’ असं सगळ्यांसमोर म्हटलं. त्या रुग्णाला कोणती रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ते त्या कागदावर होतं. अजून आठवलं की जीव कासावीस होतो.

म्हणून तुमच्या भावाबद्दलही बोलते. त्याचं म्हणणं बरोबर होतं, शब्द चुकले. ‘अंधभक्त’ म्हटल्यावर तुम्हाला मागे फिरायला जागा उरली नाही. आणि त्या काळात आधुनिक वैद्यकही चाचपडतच होतं. मार्च २०२०मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध सुचवलं. तुमच्या भावानेही घेतलं असेल. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसलं की दाखल रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही. प्लाझ्मासाठी, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोक मध्यरात्री फेसबुकवर विनवण्या करत होते. आयसीएमआरच्याच चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, मे २०२१मध्ये तो उपचारांच्या यादीतून गेला. आणि डेक्सामेथॅसोनसारखं जुनं, स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजन लागणाऱ्यांचा जीव वाचवतं हेही त्याच पद्धतीने कळलं. तपासलं, काही टाकलं, काही ठेवलं. टाकायला फार उशीर झाला, हेही खरं. काढ्याच्या बाबतीत तपासायचं आणि टाकायचं धाडस आम्ही वैद्यांनी करायला हवं होतं. तुमच्या भावाने तुम्हाला एवढं शांतपणे सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं असं मला वाटतं.

आपल्या शहराला हे नवीन नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा हा प्लेगच नव्हे असं म्हणणारे खूप होते. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी बोलवा होती. जानेवारी १८९७मध्ये डॉ. हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची संस्था तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे, परळला. त्या कामगारांना मी अडाणी म्हणणार नाही. सरकार घरात शिरत होतं, माणसं ओढून नेत होतं, सामान जाळत होतं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं औषध कोण घेणार? तुमच्या वडिलांच्या वडिलांनी हे ऐकलेलं असणार.

भावाला फोन करा. ‘आयुर्वेद खरा की खोटा’ हा विषयच काढू नका. ‘आईला ताप आला तेव्हा तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही’ एवढंच वाक्य बोला. तो काही बोलला नाही तरी चालेल. आणि ज्या ग्रुपवर त्याला दलाल म्हटलंत, तिथेच खाट त्याने मिळवून दिली हेही लिहा. नातेवाईकांनी ते वाचलं होतं, हेही वाचू दे.

प्रश्न : मॅडम, मी बीएएमएसच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. साथ आली तेव्हा मी शाळेत होते. आता ऑनलाइन काही लिहिलं की लोक ‘झोलाछाप’, म्हणजे बोगस डॉक्टर, म्हणतात. आमच्यापैकी कोणी एखाद्या औषधाचा पुरावा मागितला तर सीनियर म्हणतात, ‘तू परक्यांची भाषा बोलतेस.’ दोन्हीकडून बोलणी खाऊन मी थकले. अशा वेळी काय उत्तर द्यावं?

उत्तर : बाळ, मीही वरळीच्या पोदार आयुर्वेद कॉलेजची, १९८९ची. तुझी दमणूक मला कळते.

दोन्हीकडचे लोक इतके चिडलेले का, ते आधी समजून घे. १९१२च्या मुंबईच्या वैद्यकीय नोंदणी कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंदवही केली, वैद्य-हकीम तिच्या बाहेर राहिले. त्यांना नोंदवही मिळाली ती मुंबई प्रांताच्या १९३८च्या कायद्याने. एवढा काळ ‘तुम्ही डॉक्टर नाही’ हे ऐकलेल्यांच्या मनात ती सल आहे. दुसरीकडे ऑक्टोबर २०२०मध्ये कोविडसाठी आयुर्वेद आणि योगाची राष्ट्रीय उपचारपद्धती जाहीर झाली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने पुरावा मागितला. पुढच्याच महिन्यात आयुर्वेदाच्या शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) या विषयांतल्या पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, आणि ११ डिसेंबरला डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवलं. म्हणजे वाद काढ्यावर दिसत होता, पण खाली खदखदत होतं ते कोणी कापायचं, कोणी किती फी घ्यायची, कोणाला डॉक्टर म्हणायचं हे. आणि त्याच दिवसांत मुंबईच्या कोविड केंद्रांत, नर्सिंग होम्समध्ये रात्रपाळीला पीपीई किट घालून उभे होते त्यात बीएएमएस आणि होमिओपॅथीची बीएचएमएस पोरं-पोरी भरपूर होती. त्यांना कोणी झोलाछाप म्हटलं की माझा आवाज चढतो.

पुरावा मागणं ही परक्यांची भाषा असं म्हणणाऱ्या सीनियरला चरकसंहितेचा विमानस्थान हा विभाग उघडून दे, आठवा अध्याय. वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, त्याने ज्ञान वाढतं, शंका फिटते, असं तिथे म्हटलं आहे. चर्चेचे दोन प्रकार आहेत. संधाय संभाषा, म्हणजे एकमेकांना धरून, शिकण्यासाठी केलेली. आणि विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. हेतू म्हणजे कारण, दृष्टांत म्हणजे दाखला, यांची चर्चा तिथेच आहे. आणि जी सभा आधीच तुमच्या विरोधात ठरवून बसली आहे, तिथे कोणाशीही वाद घालू नये, असंही चरक स्पष्ट सांगतात. हे मी साथीच्या काळात पुन्हा वाचलं आणि त्या रात्री दोन ग्रुप सोडले. त्याआधी मी रोज रात्री एकेक वाजेपर्यंत उत्तरं लिहीत होते.

त्याच स्थानात तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे, साथीचा. साथीत तो सगळ्यांनी मिरवला. त्यात वेगवेगळ्या प्रकृतीची माणसं एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, हा शिष्य अग्निवेशाचा प्रश्न आहे. वायू, पाणी, देश आणि काळ बिघडल्याने, हे गुरू आत्रेयांचं उत्तर. पण त्याआधी आत्रेय शिष्यांना सांगतात, की भूमीचा कस उतरण्याआधीच औषधं गोळा करून ठेवा. एप्रिल २०२१मध्ये ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात हा भाग कोणी फॉरवर्ड केला नाही. ग्रंथाचा अभिमान असेल तर तो भाग आधी वाचायला हवा होता.

आणि तुला एक आपल्याच शहरातलं उदाहरण देते. सर्पगंधा आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. परळच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन, नीट मोजून, १९४९मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं. जगभर सर्पगंधा पोहोचली ती त्या मोजणीमुळे. पुढे १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसरपीन हे मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि ते काहींचं मन फार खिन्न करतं हेही कळलं, म्हणून आज ते क्वचित वापरतात. वनस्पतीचा मान आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यातूनच समजली. आमच्याकडे जुन्या ग्रंथात कृती दिलेलं औषध बनवायचा परवाना घेताना रुग्णांवरच्या चाचणीचा पुरावा द्यावा लागत नाही. त्यामुळे मोजायची सवयच लागली नाही. तू ती लावून घे. इंटर्नशिपमध्ये एक वही कर, कोणाला काय दिलं, किती दिलं, काय झालं, काय बिघडलं. बिघडलेलं आधी लिही.

ऑनलाइन उत्तर द्यायचंच तर एकदा द्यावं, ज्याने विचारलं त्याला, औषधाचं नाव आणि मात्रा धरून. ‘आयुर्वेद’ या शब्दाची बाजू घेऊ नकोस, त्यात चांगलं-वाईट सगळंच येतं.

प्रश्न : मी मुलुंडला राहते, वय ५८, थायरॉइडची गोळी चालू आहे. २०२०पासून बाल्कनीतल्या गुळवेलीचा रस रोज उपाशीपोटी घेते. मुलगी बंद कर म्हणते. घेऊ का?

उत्तर : बंद करा. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी म्हटली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल त्यांनी घेतली असावी, हा त्यांचा मुद्दा होता, आणि ओळख चुकू शकते हे मला मान्य आहे. पण पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटावी, तसं त्यात अनेकांचं झालं होतं. थायरॉइडचा आजारही अनेकदा याच जातीचा असतो, म्हणून तुमच्याबाबतीत मी धोका घेणार नाही. गुळवेल मीही देते, पण ठरावीक दिवस, ठरावीक कारणासाठी. रोज, वर्षानुवर्षं, ‘प्रतिकारशक्तीसाठी’ घ्या असं मी कोणाला सांगितलेलं नाही.

या आठवड्यात एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्या. लघवी गडद पिवळी होत असेल, अन्नावरची वासना गेली असेल किंवा अंगाला खाज असेल तर उद्याच. रिपोर्ट मला पाठवण्याआधी तुमच्या थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवा, आणि एवढी वर्षं रस घेत होते हे त्यांना सांगा. ओरडा बसेल म्हणून बहुतेक बायका हे सांगतच नाहीत. माझ्याकडे येताना वेलीचा एक तुकडा पानांसकट पिशवीत घालून दवाखान्यात आणा, ती नक्की कोणती वेल आहे ते पाहून घेऊ.